जामीन झाला, पुढं काय? अटी, हजेरी आणि पायातल्या पट्ट्याविषयी कोल्हापूरकरांसाठी

कसबा बावड्याच्या कोर्टात जामीन मंजूर झाला की घरची माणसं पहिला फोन गावाकडं करतात, ‘सुटला’ म्हणून. तो माणूस त्या वेळी कळंब्याच्या जेलमध्येच असतो आणि आदेशातल्या अटी अजून कुणीच वाचलेल्या नसतात. जामिनावर सुटलेला माणूस पुन्हा आत जातो तो बहुतेक वेळा याच अटींपायी. कधी हजेरी चुकते, कधी तारीख चुकते, कधी हद्द ओलांडली जाते, तर कधी भावकीतलं कुणी तक्रारदाराच्या दारात जाऊन ‘मिटवा की’ म्हणतं.

ज्यांच्या घरात पोलीस-कोर्टाचं प्रकरण पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गुन्हा खरा की खोटा, ते खटल्यात ठरेल. तोवर आरोपीला कायदा निर्दोषच धरतो आणि जामिनाच्या अटी म्हणजे शिक्षा नव्हे. माणूस तारखेला यावा, साक्षीदारांना धाक बसू नये, पुरावा जागेवर राहावा, एवढ्यासाठीच त्या असतात. त्यामुळं एखादी अट तुम्हाला पाळता येण्यासारखी नसेल, तर ती बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. गुपचूप मोडायचा नाही. पुढचं सगळं याच धाग्यावर आहे.

आदेशाची प्रत हातात घ्या

वकिलांनी तोंडी सांगितलेल्यावर थांबू नका. ई-कोर्ट्सच्या अॅपवर खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते आणि बरेच आदेशही तिथंच मिळतात. आदेश इंग्रजीत असेल तर वकिलांसमोर बसून एकेक अट मराठीत कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक अटीसमोर तीन गोष्टी लिहा: काय करायचं, कुठं करायचं, कधीपर्यंत करायचं. ‘कधीपर्यंत’ हे बहुतेक जण विसरतात. हजेरी ‘दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत’ आहे की ‘खटला संपेपर्यंत’, यात काही वर्षांचा फरक पडू शकतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कोर्टाच्या आवारात अजून ४३७, ४३८, ४३९ हेच आकडे ऐकू येतील. नव्या कायद्यात अजामीनपात्र गुन्ह्यातला (म्हणजे जिथं जामीन हक्कानं मिळत नाही, कोर्ट ठरवतं) जामीन कलम ४८० मध्ये आहे, अटकपूर्व ४८२ मध्ये, आणि सत्र न्यायालय व उच्च न्यायालयाचे अधिकार ४८३ मध्ये. गुन्हा जामीनपात्र असेल तर कलम ४७८ खाली जामीन हा हक्कच आहे, तो पोलीस ठाण्यातही मिळतो.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत आणि आणखी काही प्रकारच्या गुन्ह्यांत कलम ४८० मधल्या तीन अटी येतातच. बंधपत्राप्रमाणं (सुटताना लिहून दिलेल्या हमीप्रमाणं) हजर राहायचं, तसला गुन्हा पुन्हा करायचा नाही, आणि प्रकरणाची माहिती असलेल्या कुणालाही आमिष, धाक किंवा वचन द्यायचं नाही, पुराव्याला हात लावायचा नाही. याखेरीज न्यायाच्या हितासाठी योग्य वाटेल ती अट कोर्ट घालू शकतं. हजेरी, हद्दबंदी, पासपोर्ट जमा करणं, मोबाईल चालू ठेवणं हे सगळं या शेवटच्या अधिकारातून येतं.

जामीनदार आणि कागद

आदेशात ‘पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असं काही लिहिलेलं असतं. जातमुचलका म्हणजे आरोपीनं स्वतः दिलेली हमी. तिथं रोख भरायची नसते, हजर राहिला नाही तर तेवढी रक्कम देणं लागतो एवढाच त्याचा अर्थ. जामीनदार हा दुसरा माणूस, जो त्याच्यासाठी शब्द देतो आणि आपली ऐपत दाखवतो.

गावाकडचा जामीनदार असेल तर सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. शहरातला असेल तर मिळकत पत्रिका आणि चालू वर्षाची घरफाळ्याची पावती. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. आधार, रेशनकार्ड आणि फोटो सगळ्यांनाच लागतात. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात, त्यात दिवस जातात. म्हणून तो लागणार का, हे आदेश झाल्या झाल्या विचारून घ्या. आपल्याकडं बहुतेक सातबाऱ्यांवर सेवा सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा असतो. तो बघून कागद परत येऊ नये म्हणून बाकी किती आहे याचं सोसायटीचं पत्र सोबत असू द्या.

आवारात ‘जामीनदार पाहिजे का’ म्हणून पैसे मागणारी माणसं भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. कलम ४८६ प्रमाणं जामीनदाराला आधी किती जणांना जामीन राहिलोय हे तपशिलासह लिहून द्यावं लागतं. तिथं खोटं निघालं तर तो तर अडकतोच, वर तुमच्या माणसाचा जामीनही धोक्यात येतो.

आणि जो आपला पाहुणा, मामा, मेहुणा प्रेमापोटी उभा राहतो, त्याला काय ओढवू शकतं ते आधीच स्पष्ट सांगा. आरोपी गैरहजर राहून बंधपत्र जप्त झालं तर कलम ४९१ खाली त्याला नोटीस येते आणि रक्कम दंडासारखी वसूल होते. ती वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्याला मध्येच बाहेर पडायचं असेल तर कलम ४८९ खाली अर्ज करता येतो. मग कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगतं.

जामीनदार मिळेपर्यंत रोख रकमेवर सोडावं अशी विनंती वकिलांमार्फत करता येते, कलम ४९० मध्ये तशी सोय आहे. पुष्कळदा कोर्ट काही आठवड्यांची मुदत देऊन ती मान्य करतं.

आदेश झाला, पण सुटका अडकली

हा भाग गरीब घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला यावर ठोस निर्देश दिलेत. जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलनं जेल अधीक्षकांमार्फत कैद्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. ‘जामीनदार स्थानिकच हवा’ या अटीमुळं सुटका रखडते आणि अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असंही त्यात आहे. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारणं चूक, हे तर त्या न्यायालयानं १९७८ मध्ये मोतीराम खटल्यातच सांगितलं होतं. सोलापूरचा नाहीतर बिहारचा मजूर शिरोली एमआयडीसीत कामाला असताना अडकला, तर त्याच्या वकिलांनी हे मुद्दे मांडायलाच हवेत.

पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची गरीब कैदी सहाय्य योजना आहे. कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या माणसाच्या, जामिनासाठी ठराविक मर्यादेपर्यंत मदत जिल्हास्तरीय समितीमार्फत मिळू शकते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, आर्थिक अफरातफर, दहशतवाद अशा कायद्यांतली प्रकरणं तिच्यात बसत नाहीत. वकील द्यायची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीत असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मदतीचा क्रमांक १५१००.

हजेरी: वही ठेवा

‘दर सोमवारी सकाळी ११ ते १ दरम्यान पोलीस ठाण्यात हजेरी’ ही सगळ्यात नेहमीची अट आणि घोळही इथंच सगळ्यात जास्त. गणपती विसर्जन किंवा नवरात्रातला अंबाबाईच्या देवळाचा बंदोबस्त आला की तपासी अंमलदार जागेवर नसतात. माणूस तासभर बाकावर बसतो, ‘साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी ये’ असं ऐकून घरी येतो. रजिस्टरला सही नसते. सहा महिन्यांनी सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज देतात, तेव्हा त्या सोमवारी तुम्ही आला होता हे दाखवायला हातात काही नसतं.

म्हणून जाताना साध्या कागदावर अर्ज लिहून न्या: गुन्हा नंबर, आदेशाची तारीख, ‘आज अमुक वेळी हजेरीसाठी आलो आहे’. दोन प्रती काढा. एक ठाणे अंमलदारांना द्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर तिथं वाद घालू नका. बाहेर येऊन त्याच दिवशी तोच मजकूर ठाण्याच्या ई-मेलवर किंवा स्पीड पोस्टनं पाठवा आणि वकिलांना कळवा. एक वेगळी वही ठेवा. तीत तारीख, आलो ती वेळ, निघालो ती वेळ, ड्युटीवर कोण होतं आणि त्यांचा बक्कल नंबर. दोन ओळींचं काम आहे, पण रिकाम्या हातानं कोर्टात उभं राहायची वेळ येत नाही.

आजारी पडलात तर सीपीआर या सरकारी दवाखान्याचा किंवा डॉक्टरांचा कागद घेऊन त्याच दिवशी ठाण्याला आणि वकिलांना कळवा. नंतर आणलेल्या दाखल्याला तेवढं वजन राहत नाही.

आणखी एक. ‘तपासात सहकार्य करावे’ याचा अर्थ बोलावलं की जायचं, विचारलं त्याला सामोरं जायचं, मागितलेली वस्तू द्यायची. गुन्हा कबूल करा असा त्याचा अर्थ होत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, हे संविधानाच्या कलम २० मध्येच आहे.

हद्द: इथं सीमाभाग आहे हे विसरू नका

‘परवानगीशिवाय महाराष्ट्राबाहेर जाऊ नये’ ही अट पुण्यातल्या माणसाला जड जात नाही. कागलच्या माणसाला जाते. कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. निपाणीचा बाजार, संकेश्वरचे पाहुणे, बेळगावचा दवाखाना हे सगळं पलीकडं. काहींचं घर इकडं आणि रान तिकडं असतं. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला एसटी भरभरून जातात. त्यातल्या कुणाला आपण राज्य सोडतोय असं वाटतही नाही. पण कागदावर तो अटीचा भंगच असतो.

यावर उपाय जामिनाच्या सुनावणीतच करून घ्यायचा. वकिलांना आधीच सांगा: पोटापाण्यासाठी मी आठवड्यातून अमुक वेळा निपाणीला जातो, हे दुकान, ही पावती. कोर्ट ‘बेळगाव जिल्हा वगळून’ असं आदेशातच लिहू शकतं. आदेश होऊन गेला असेल तर परवानगीचा अर्ज द्या. त्यात कुठं, कशासाठी, कधी जाणार, कधी येणार, राहायचा पत्ता आणि फोन लिहा. यात्रा पंधरा दिवसांवर येईपर्यंत अर्जासाठी थांबू नका. सरकारी वकिलांचं म्हणणं मागवण्यातच एक तारीख जाते.

उलटी अटही असते: ‘तक्रारदाराच्या गावात पाऊल ठेवू नये’ किंवा ‘खटला संपेपर्यंत तालुक्यात येऊ नये’. उसाचं रान त्याच गावात असेल तर तोड आली की प्रश्न येतो. अशा वेळी ठराविक दिवसांसाठी, लागलं तर पोलिसांना आधी कळवून, यायची मुभा मागता येते.

तक्रारदारापासून लांब

इथं मी कळकळीनं सांगतो. आपल्याकडं भांडण झालं की चार वडीलधारी मध्ये पडतात. ती चांगली रीत आहे, पण जामीन झाल्यावर ती तुमच्या माणसाला आत घालवू शकते. कायद्यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही दबावांना मनाई आहे. चुलत्यानं जाऊन ‘केस मागं घे, बघून घेऊ’ म्हटलं, तालमीतल्या पोरांनी तक्रारदाराच्या गल्लीतून गाड्या फिरवल्या, बायकोनं रडत फोन केला, तरी बोट आरोपीकडंच येतं. समेट खरंच करायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या वकिलांमार्फत, कोर्टाच्या माहितीनं करा. समोरच्या घरातही भ्यालेली माणसं आहेत, हे मनात असू द्या.

सुटल्यावर फटाके, गाड्यांची रॅली, ‘वाघ बाहेर आला’ असं स्टेटस, यातलं काहीही करू नका. पोलीस ते सगळं बघतात, त्यावर नवा गुन्हा होतो आणि जामीन रद्द करायच्या अर्जाला तो व्हिडिओच जोडला जातो.

लोकेशन आणि पायातला पट्टा

पायातला पट्टा म्हणजे माणूस कुठं आहे ते पोलिसांना कळवणारं यंत्र. याबद्दल अलीकडं फार विचारणा होते. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची स्वतंत्र तरतूद नाही. जम्मूत नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष न्यायालयाच्या आदेशावरून दहशतवादाच्या प्रकरणातल्या एका आरोपीच्या पायात जीपीएस पट्टा घातला गेला, तो देशातला पहिला म्हणून गाजला. कैद्यांच्या रजेसाठी असा पट्टा वापरता यावा, असं केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात सुचवलंय. विधी आयोगानं २०१७ च्या २६८ व्या अहवालात मात्र हे साधन जपून, गंभीर गुन्ह्यांपुरतंच वापरावं असा इशारा दिला होता. अमेरिकेत १९८३ पासून अशी यंत्रं वापरात आहेत आणि तिथं अनेक ठिकाणी पट्ट्याचं भाडं आरोपीलाच भरावं लागतं. आपल्याकडं तसं होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जामीनदार मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने आत राहणाऱ्याला भाडं कुठून परवडणार?

मोबाईलवरून माग ठेवण्याबाबत ८ जुलै २०२४ चा फ्रँक व्हायटस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. दिल्ली उच्च न्यायालयानं एका नायजेरियन आरोपीला गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपासी अधिकाऱ्याला दिसेल असं करायला सांगितलं होतं. त्या पिनवरून प्रत्यक्ष माग ठेवता येत नाही, हे गुगलच्याच प्रतिज्ञापत्रातून पुढं आलं. पण न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं खंडपीठ तेवढ्यावर थांबलं नाही. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट संविधानाच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी म्हटलं आणि ती अट काढली.

व्यवहारात याचा अर्थ असा. मोबाईल नंबर देणं, तो चालू ठेवणं, पत्ता बदलला तर कळवणं या अटी पाळायच्याच. पण आदेशात नसताना कुणी ‘लाइव्ह लोकेशन टाकत जा’ म्हणालं, तर तुम्ही बांधील आहात ते कोर्टाच्या आदेशाला. नम्रपणे सांगा की वकिलांना विचारून कळवतो, आणि खरोखर विचारा. आदेशातच सततच्या लोकेशनची अट असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, या निकालाचा आधार घेऊन बदलून मागा.

पट्ट्याचा आदेश झालाच, तर तो पायात चढण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्या. या पट्ट्यात उपग्रहावरून ठिकाण ओळखणारा भाग आणि मोबाईलसारखं सिम असतं. पट्टी कापली की इशारा जातो आणि बॅटरी नियमित चार्ज करावी लागते. गगनबावड्याच्या घाटात किंवा राधानगरीच्या आतल्या वाड्यांवर रेंज गेली तर इशारा वेळेवर पोचत नाही. गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत पत्र्याच्या शेडखाली ठिकाण चुकीचं दिसू शकतं. सीमेलगतच्या गावात दोन-चारशे फुटांच्या चुकीनं तुम्ही कर्नाटकात दिसाल. म्हणून विचारा: रेंज नसेल तर काय करायचं, इशारा आला तर आधी फोन येणार की थेट अटक, बिघाड कुणाला कळवायचा, एमआरआय काढायचा झाला तर पट्टा कोण काढणार, खर्च कुणाचा, ही माहिती कुणाकडं जाते आणि किती दिवस ठेवतात, पट्टा कधी निघणार. कामाच्या जागेचा पत्ता आणि वेळा सुरुवातीलाच कोर्टाला द्या.

अट बदलून कशी मागायची

ज्या कोर्टानं अट घातली त्याच्याकडंच आधी अर्ज जातो. रक्कम जास्त वाटत असेल तर कलम ४८४ खाली उच्च न्यायालय आणि सत्र न्यायालय ती कमी करू शकतात. अर्जात ‘त्रास होतो’ एवढं लिहून भागत नाही. हजेरीच्या दिवशी कामाची पाळी असते तर कारखान्याचं पत्र, दूध संकलनाची वेळ असते तर संस्थेचा दाखला जोडा. आणि आजवरची प्रत्येक हजेरी लावल्याचा पुरावा, म्हणजे तीच वही आणि शिक्के मारलेल्या प्रती. अट नीट पाळलेल्या माणसाला ती सैल करून मिळण्याची शक्यता जास्त असते.

उच्च न्यायालयानं घातलेली अट बदलायला पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं (इथं बसणाऱ्या न्यायपीठाचं) काम सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. हजेरी सोमवारऐवजी रविवारी मिळावी एवढ्याशा मागणीसाठी रात्रीच्या गाडीचं तिकीट आणि मुंबईतल्या वकिलांची फी परवडत नाही म्हणून किती जण गप्प बसत असतील! आता गप्प बसू नका.

तारखा, आणि खटला संपल्यावर

प्रत्येक तारखेला हजर राहा. जमणारच नसेल तर वकिलांमार्फत त्याच सकाळी गैरहजेरी माफीचा अर्ज कारणासह द्यायचा. न सांगता गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली तो वेगळा गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. वॉरंट निघाल्याचं कळलं तर लपू नका. वकिलांना घेऊन स्वतःहून कोर्टात उभं राहा आणि ते रद्द करायचा अर्ज द्या.

निकालाआधी कोर्ट कलम ४८१ खाली आणखी एक बंधपत्र घेतं. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन, असं ते सहा महिन्यांसाठी असतं. निर्दोष सुटलात तरी ते भरावं लागतं, घाबरू नका. ती मुदत आणि अपिलाची परिस्थिती वकिलांकडून पक्की झाली की रोख भरलेली रक्कम, जमा केलेला पासपोर्ट आणि जामीनदाराचे मूळ कागद परत मिळावेत म्हणून अर्ज करा. रकमेसाठी भरणा केल्याची मूळ पावती लागते, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून त्याच वहीत चिकटवून ठेवा. जामीनदाराच्या सातबाऱ्यावर कोर्टाचा बोजा चढवला असेल तर तो कमी करायचा आदेश घेऊन तलाठ्याकडं जा, आणि नवा उतारा काढून त्याच्या हातात द्या.